अकरावा बदाम मिल्ड्युराच्या वाटीत

ऑस्ट्रेलियाहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात: कांगारू पाहिलंस का आणि ऑपेरा हाऊस पाहिलंस का. कांगारू पाहिलं, पण रस्त्याकडेला मरून पडलेलं. ऑपेरा हाऊस राहिलं. त्याऐवजी मी पाहिलं ते मिल्ड्युरा नावाचं गाव. ते पाहायचं आम्ही ठरवलं नव्हतं. एका बास्केटबॉल स्पर्धेच्या समितीने आम्हाला तिथे धाडलं.

आधी माझी ओळख करून देते. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली. आवाज मोठा, तोंडाचा पट्टा कायम सुटलेला. घरातही मी शिट्टी वाजवल्यासारखीच बोलते असं यांचं म्हणणं आहे. आमची एकुलती लेक ऋजुता ॲडलेडच्या उत्तरेला मॉसन लेक्स नावाच्या उपनगरात राहते. तिथल्या युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, ती मास्टर्स करत होती आणि युनिच्या मुलींच्या संघातून बास्केटबॉल खेळत होती. पुढच्या महिन्यात तिची सिडनीत कॅसल हिलला नोकरी सुरू व्हायची होती. म्हणजे युनिच्या जर्सीत खेळायची तिची ही शेवटची स्पर्धा. तेवढ्यासाठी मी तीन आठवड्यांचा व्हिसा, गुडघ्याचा पट्टा आणि चार किलो खाऊ घेऊन निघाले होते.

त्या आधी मी तिला नऊ वर्षं खेळताना पाहिलं नव्हतं, आणि त्याला कारण मीच होते. ती बारावीत असताना तिची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली. शिबिर डिसेंबरात होतं. मी परस्पर कळवून टाकलं की मुलगी येणार नाही, परीक्षा आहे. ज्या बाईने दुसऱ्यांच्या मुलींना खेळू द्या म्हणून त्यांच्या आईवडिलांचे उंबरे झिजवले, तिने स्वतःच्या मुलीच्या वेळी हे केलं. ऋजू तेव्हा भांडली नाही की रडली नाही. बूट पिशवीत घालून माळ्यावर ठेवून आली आणि अभ्यासाला बसली. मार्कही चांगले मिळाले, त्यामुळे माझंच बरोबर असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत राहिले.

मॉसन लेक्स

नावातला तलाव खरा आहे, पण माणसांनी खणलेला. काठाने सकाळी चालायला गेलं की बदकांइतकेच भारतीय विद्यार्थी भेटतात, कानाला फोन लावून घरच्यांशी बोलणारे. सप्टेंबर म्हणजे तिकडचा वसंत. झाडावरचा मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी या दिवसांत अंड्यांच्या राखणीला बसतो आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतो. पहिल्याच दिवशी त्याने माझा अंबाडा विस्कटला. मी त्याला मराठीत जे काय बोलले ते ऐकून समोरून येणाऱ्या साताऱ्याच्या एका मुलाने मला वाकून नमस्कार केला.

स्पर्धा सोळा संघांची. पहिल्या फेऱ्या चार ठिकाणी व्हायच्या होत्या आणि त्यातलं एक ठिकाण ऋजूच्या युनिचंच स्टेडियम, घरापासून चालत दहा मिनिटं. मी पुण्यातूनच मनात ठरवून आले होते की पहिल्या रांगेत मधली खुर्ची धरायची. आमच्याकडे आंतरशालेय स्पर्धांची सेक्रेटरी मीच असायची. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, पाचवीतल्या एखाद्या मुलीकडून काढून घ्यायच्या, की झाला ड्रॉ. यजमान शाळा तिच्याच मैदानावर खेळते, मंडपाच्या सावलीकडची बाजू तिलाच मिळते आणि पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे चाल, तीही बहुधा तिलाच मिळते. यात काही गैर आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही.

रविवारी दुपारी क्लबच्या खोलीत सगळ्या मुली पडद्यासमोर जमल्या. यादी झळकली. मॉसन लेक्सच्या खाली चार नावं होती आणि त्यात आमचं नव्हतं. आमचं नाव मिल्ड्युराखाली होतं.

"छापताना चुकलं वाटतं," मी ऋजूला म्हणाले.

"नाही गं आई. होस्ट त्याच्या कोर्टवर खेळत नाही. रूलच आहे तो."

"मग होस्ट कशाला व्हायचं?"

"कुणीतरी व्हायला लागतं ना," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने टेबलावर चार वाट्या मांडल्या, सोळा बदाम घेतले आणि मला शिकवायला बसली. वर्षभराच्या निकालांवरून समिती सोळा संघांना क्रम लावते. पहिले चार बदाम मानाचे, ते त्यांच्या घराजवळच्या वाटीत पडतात. वर्षभर चांगलं खेळल्याचं ते बक्षीस, त्यांच्या माणसांना सामने बघता यावेत म्हणून. मग पाचवा, सहावा असे एकेक घ्यायचे आणि जागा असेल त्यातल्या जवळच्या वाटीत टाकायचे. एकाच राज्याचे दोन संघ होता होईल तो एका वाटीत नकोत, ते वर्षभर एकमेकांशी खेळलेलेच असतात. आणि यजमानाचा बदाम यजमानाच्या वाटीत टाकायचा नाही, मग तो कितवाही असो.

"आपण अकरावे," एक बदाम चिमटीत धरून ती म्हणाली. "आपली वाटी तर बंदच. दोन वाट्या भरल्या. राहिली मिल्ड्युरा." आणि बदाम टाकला.

पद्धत चोख होती. इतक्या वर्षांत मला असं काही सुचलं नाही याची थोडी लाजही वाटली. पण मिल्ड्युरा चारशे किलोमीटरवर. संघ भाड्याच्या दोन व्हॅननी जाणार, त्यात जागा नाही. मला गाडी चालवता येत नाही, आणि गुडघा घेऊन बस बदलत एकटीने जायचं म्हणजे कठीणच. ऋजू म्हणाली, "लाइव्ह स्ट्रीम असेल आई. No worries." तिने ते अगदी सहज म्हटलं. मी बघायला नसण्याची तिला सवयच झालेली होती.

विनंती अर्ज

मग मी जे केलं ते लिहिताना आजही कान गरम होतात. दुसऱ्या दिवशी ऋजू युनिला गेल्यावर मी समितीला ईमेल लिहिला. साधासुधा नाही, रीतसर विनंती अर्ज. मी कोण, किती वर्षांचा अनुभव, स्पर्धा भरवल्या, पंच म्हणून उभी राहिले, सामन्याच्या टेबलाशी बसून हजारो गुणपत्रकं लिहिली. पुण्याहून खास आले आहे, गुडघे दुखतात, तरी या संघास खास बाब म्हणून मॉसन लेक्स हे केंद्र द्यावे, ही नम्र विनंती. खाली सवयीने लिहिलं, संघाच्या वतीने. असे अर्ज मला दर वर्षी पालकांकडून यायचे. मी त्यावर लाल पेनाने 'नामंजूर' लिहून चहा प्यायला जायची.

ऑस्ट्रेलियात अर्जाला खरंच उत्तर येतं. समितीला वाटलं की संघच हरकत घेतोय. त्यांनी थेट कोचला फोन केला. कोच केरी म्हणजे पन्नाशीची, सहा फुटी, शांत बाई. तिने ऋजूला बोलावून ईमेल दाखवला.

ऋजू घरी आली ती बूट न काढताच समोर उभी राहिली.

"आई, तू टीमच्या नावाने लिहिलंस? मला न विचारता?"

"अगं, विचारून बघायला काय हरकत..."

"त्या मुलींना वाटलं मी सांगितलं तुला. केरीला सॉरी म्हणावं लागलं मला." तिचा आवाज वाढला नव्हता, मला तो वाढलेला चालला असता. "आधी तू मला खेळू दिलं नाहीस. आता कुठे खेळायचं तेही तूच ठरवणार का?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा ती त्याबद्दल बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कणीक मळत बसले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी जेवण आणि गीझर यापलीकडे बोललो नाही.

गुरुवारी केरी स्वतःच दारात आली. संघाची मॅनेजर मुलगी तापाने झोपली होती. तिची सीट रिकामी होती आणि तिचं कामही. तिकडे प्रत्येक संघाने टेबलावर बसायला एक माणूस द्यायचा असतो, गुण आणि फाउल लिहायला.

"तुमच्या अर्जात वाचलं, तुम्ही हजारो गुणपत्रकं लिहिली आहेत म्हणून," ती हसू दाबत म्हणाली. "या. पण एक आहे. टेबलावर बसलात की तुम्ही कुणाची आई नाही. टाळी नाही, ओरडणं नाही."

मी ऋजूकडे पाहिलं. ती मोजे गुंडाळत होती. "येऊ दे," ती वर न बघता म्हणाली.

रस्त्यावर

शुक्रवारी सकाळी निघालो. मी पहाटे उठून दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. भांडण असलं तरी प्रवासाला कोरडं निघायचं नाही, एवढं तरी माझ्या हातात होतं. तासाभरात दशम्या मागच्या सीटपर्यंत पोचल्या. क्लोई नावाच्या लाल केसांच्या मुलीने चटणी नुसतीच तोंडात टाकली आणि पुढचे वीस किलोमीटर पाणी पीत राहिली. ऋजू मागच्या व्हॅनमध्ये बसली होती. जागा तिने स्वतः निवडली होती.

द्राक्षांचे मळे संपले की जमीन सपाट आणि तांबूस होत जाते. मैलच्या मैल नुसती खुरटी झुडपं, त्यांना तिकडे माली म्हणतात. आपल्याकडे इतक्या रस्त्यात चार गावं, दोन देवळं आणि एक उसाचा रसवाला लागला असता. इथे दोन तासांत एक पेट्रोल पंप. मग ब्लांचटाऊनच्या पुलावरून मरी नदी दिसली. रुंद, पिवळट, काही घाई नसलेली. पुढे वायकेरीच्या बेकरीत थांबलो. मला शाकाहारी म्हणून पालक-चीजचा रोल मिळाला. ऋजूने तो काउंटरवरून आणून माझ्यासमोर ठेवला आणि बरोबर सॉसऐवजी तिच्या पिशवीतली लोणच्याची पुडी ठेवली. मग परत मुलींत जाऊन बसली. तरीही मला जरा बरं वाटलं.

राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास पुढे करावं लागतं. मी केलं नाही. त्यामुळे संध्याकाळी सगळा संघ जेवायला जमला तेव्हा मी नदीकाठच्या आमच्या केबिनच्या पायरीवर निवांत चहा पीत होते, पाठीमागे गुलाबी-करड्या काकाकुव्यांचा कलकलाट ऐकत. केरीच्या हाका मला त्या कलकलाटात ऐकू आल्या नाहीत. शाळेत मी मुलींना दोन मिनिटांच्या उशिराला मैदानाला फेऱ्या मारायला लावायची.

मिल्ड्युरा

सामना शनिवारी सकाळी दहाला, मेलबर्नच्या संघाशी. तो मानाच्या चारांतला, म्हणजे त्यांची माणसं भरपूर. दोन बाजूंची बाकडी त्यांच्याच आयांनी, मावश्यांनी आणि आइसबॉक्सनी भरली होती. आमच्या बाजूला अकरा मुली, केरी आणि मी. मी तर तेव्हा कुणाचीच नव्हते.

टेबलावर शेजारी घड्याळ सांभाळायला जून होती, तिथलीच, संत्र्यांची बाग असलेली. तिने मला टॅब्लेट दाखवला, मी तिला माझा कागद दाखवला. दोन्हीवर मीच लिहायचं ठरलं. माझ्यापुढे पाच पाट्या होत्या, एक ते पाच आकड्यांच्या. खेळाडूने फाउल केला की त्याचा कितवा ते पाटी उचलून दाखवायचं. पहिले चार आकडे काळे, पाच लाल. पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर, परत यायचं नाही.

आणि मग मी ऋजूला खेळताना पाहिलं. जर्सी नऊ नंबरची. सतरा वर्षांची होती तेव्हा ती नुसती धावायची. आता ती थांबत होती. चेंडू हातात घेऊन अर्धा क्षण थांबायची, सगळ्यांना हलू द्यायची आणि मग नेमका जिथे हवा तिथे द्यायची. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. माझ्याशिवाय, माझ्या नकळत ती हे शिकली होती. पेन धरलेला हात मी दुसऱ्या हाताने दाबून धरला, नाहीतर टाळी वाजली असती. डोळे भरून आले की कागदावरचे रकाने दिसेनासे व्हायचे, म्हणून भरूही देता येत नव्हते.

चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही दोन गुणांनी मागे होतो. तोवर ऋजूला चारची काळी पाटी दाखवून झाली होती, पण ती तेव्हा पाठ करून धावत होती. दीड मिनिट उरलं असताना मेलबर्नची उंच मुलगी बास्केटखाली घुसली, ऋजू आडवी गेली, दोघी पडल्या. शिट्टी वाजली. पंचाने टेबलाकडे येऊन बोटांनी नंबर दाखवला. नऊ.

जूनचं लक्ष घड्याळाकडे होतं. केरी पुढच्या डावाचं ओरडून सांगत होती. ऋजू उठून गुडघा झटकत परत जागेवर उभी राहिली, तिच्या हिशेबात अजून एक फाउल शिल्लक होता. समोरच्या बाकावर कुणी मोजत असेलही. पण पाटी माझ्यासमोर होती. मी काही क्षण कागदाकडेच बघत बसले. तीन आठवडे, समुद्रापलीकडून, तिला खेळताना बघायला मी आले होते, आणि तिला थांबवायचं काम पुन्हा माझ्याच हाताशी येऊन पडलं होतं.

मी कागदावर पाचवी खूण केली आणि लाल पाटी उचलली.

पंचाने ऋजूला बाहेरची खूण केली. तिने आधी पाटीकडे पाहिलं, मग ती धरणाऱ्या माझ्याकडे. मग बाकावर जाऊन बसली आणि डोक्यावर टॉवेल घेतला. आम्ही चार गुणांनी हरलो, आणि एक हार म्हणजे स्पर्धा संपली. गुणपत्रकावर शेवटची रेघ मारून मी सही केली. अक्षर इतकं वाईट माझं कधीच आलं नव्हतं. जून उठली आणि तिच्या गाडीतून संत्र्यांची पोतडीएवढी पिशवी आणून तिने माझ्या मांडीवर ठेवली.

यांबाच्या अलीकडे

परतीला ऋजू माझ्या व्हॅनमध्ये होती, पण खिडकीशी, डोळे मिटून. दोन तास व्हायच्या आत पाट्या दिसू लागल्या. पुढे यांबाला फळमाशीचा तपासणी नाका आहे, एकही फळ पलीकडे नेता येत नाही, इथेच टाका. टाका म्हणे! एवढी रसाळ संत्री कचऱ्यात टाकायला मी काही तयार नव्हते. मी जाहीर केलं की टाकायची नाहीत, संपवायची. केरीने दोन्ही व्हॅन बाजूला घेतल्या. अकरा मुली रस्त्याकडेला गवतात मांड्या घालून संत्री सोलायला बसल्या. रस कोपरांपर्यंत ओघळत होता आणि हरलेला संघ पहिल्यांदाच हसायला लागला होता.

ऋजू माझ्याशेजारी येऊन बसली. एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

"मला वाटलं तीनच झालेत," ती म्हणाली.

"चारची पाटी दाखवली होती मी."

"मला दिसलीच नाही." ती फोडीवरचे दोरे काढत राहिली. "उचलली नसतीस तर? कुणी बघत नव्हतं."

"एक क्षण तेच वाटलं होतं मला."

"माहितीये. तू कागदाकडे बघत बसली होतीस तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते." मग म्हणाली, "पण पाचवा होता आई. बरोबर होतं ते."

संत्रं माझ्या हातातच राहिलं होतं. इतकी वर्षं जे बोलायला तोंड उघडत नव्हतं, ते त्या गवतात, चिकट हातांनी, कसं कोण जाणे निघून आलं.

"बारावीत तुझा एकही फाउल नव्हता गं ऋजू," मी म्हणाले. "तरी मी तुला बाहेर बसवलं."

तिने हातातलं अर्धं संत्रं गवतात ठेवलं. मग म्हणाली, "हे ऐकायला मिळणार असतं, तर मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला पाठवलं असतं तरी चाललं असतं."

आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. बारावीत रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं.